आर्ट्सला की सायन्सला? : मानव विज्ञानाच्या पदवीविषयी

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढ्यांबरोबर एक प्रश्नही घरोघरी फिरतो : "पोराला सायन्सला घातलं की आर्ट्सला?" ऐंशी टक्के मिळाले तर सायन्स, साठ मिळाले तर कॉमर्स आणि त्याखाली उरेल ते आर्ट्स, अशी एक उतरंड आपण आपल्याच हातांनी रचून ठेवली आहे. उतरंड म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. बँकेत कारकुनी करतो. शैक्षणिक कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावरून पुढे जातात. त्यांत इंजिनिअरिंग असते, नर्सिंग असते, फार्मसी असते, एमबीए असते. समाजाचा अभ्यास करायचा आहे म्हणून कर्ज मागणारा मुलगा किंवा मुलगी वर्षाकाठी एखादीच, आणि त्या फायलीवर पहिला शेरा ठरलेला : नोकरी कुठे लागणार?

इंजिनिअर झालेल्या मुलांविषयी आमची काही तक्रार नाही. त्यांच्या पगारावर कितीतरी घरांची कौले जाऊन स्लॅब पडले आहेत. आमचे म्हणणे वेगळे आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की शरीर, रक्त, जंतू, आकडेमोड हे सगळे एका बाजूला. जात, लग्न, धर्म, इतिहास हे दुसऱ्या बाजूला. यांतले एक घे आणि दुसरे कायमचे सोड. माणूस मात्र असा दोन फायलींत विभागलेला नसतो. ज्याच्या अंगात रक्त आहे त्यालाच जात चिकटवलेली असते, आणि जो तापाने फणफणतो तोच कुणाचा तरी जावई असतो. ही फाळणी न मानणारी पदवी जगात आहे. तिची ओळख आपल्या पालकांना आणि विद्यार्थ्यांना व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात १९७० च्या सुमारास 'ह्युमन सायन्सेस' नावाची बी.ए.ची पदवी सुरू झाली. आपण तिला मानव विज्ञान म्हणू. 'मानवशास्त्र' हा शब्द अँथ्रपॉलॉजीसाठी रूढ आहे, आणि तो या पदवीतला केवळ एक भाग आहे, म्हणून नाव वेगळे ठेवलेले बरे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. विद्यार्थी फार नाहीत, दरवर्षी तीसच्या आसपास. पहिल्या वर्षी मुलगा पाच गोष्टी एकदम शिकतो : माणसासह इतर सजीवांचे जीवशास्त्र, आनुवंशिकता व उत्क्रांती, समाज-संस्कृती-परिसर, समाजशास्त्र व लोकसंख्याशास्त्र, आणि संख्याशास्त्र. पुढच्या दोन वर्षांत हेच विषय खोलात जातात. प्राण्यांचे व माणसाचे वर्तन, मानवी परिसरशास्त्र, लोकसंख्या, निरनिराळ्या समाजांतील नातेसंबंध व श्रद्धा, असे पेपर असतात आणि शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. शिकवण्याची तऱ्हा तिथली जुनीच. व्याख्याने असतातच, शिवाय दर आठवड्याला दोघा-तिघांनी मिळून प्राध्यापकासमोर बसायचे, लिहून आणलेला निबंध वाचायचा आणि त्यावर उलटतपासणी सोसायची.

प्रवेशासाठी जीवशास्त्र किंवा गणित घेतलेले असले तर उपयोग होतो, पण तशी अट नाही. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर आर्ट्सच्या मुलाला तिथे दार बंद नाही आणि सायन्सच्या मुलाला तिथे आल्यामुळे कमीपणा नाही. आमच्या मते या पदवीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

'सगळ्यातले थोडे थोडे शिकून काय होणार?' असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर विषयांची यादी देऊन मिळणार नाही. एखादे दुखणे घेऊनच ते पाहिले पाहिजे, आणि दुखणे लांब शोधायला नको. ते आपल्याच घरात आहे. सिकलसेल.

विदर्भातील समाजबांधवांना हा शब्द नवा नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंड, परधान अशा आदिवासी जमातींत आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात हा आजार आढळतो. सातपुड्यात भिल्ल व पावरा समाजांतही तो आहे. निरोगी माणसाची लाल रक्तपेशी गोल, मऊ व लवचीक असते. या आजारात ती विळ्याच्या आकाराची, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग सांधे आणि हाडे असह्य दुखतात, रक्त कमी होते, लहान मुले पुन्हा पुन्हा आजारी पडतात.

डॉक्टरांना हा आजार १९१० मध्ये अमेरिकेत प्रथम नीट दिसला. शिकागोच्या हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि भारतातही तो असल्याचे कळले. इथपर्यंत काम जीवशास्त्राचे. पण पुढचा प्रश्न अवघड होता. ज्या दोषाने माणसे मरतात तो दोष पिढ्यान् पिढ्या टिकून कसा राहिला? निसर्गाने तो कधीच गाळून टाकायला हवा होता.

उत्तर मिळाले ते मलेरियाच्या प्रदेशात. केनियात वाढलेले आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दाखवले की ज्याला आईकडून किंवा बापाकडून, अशा एकाच बाजूने हा दोष मिळतो, त्याला मलेरियाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळते. असा माणूस रुग्ण नसतो. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही बाजूंनी दोष मिळाला तरच आजार होतो. म्हणजे डासांच्या मुलखात जे एका अंगाने शाप, तेच दुसऱ्या अंगाने कवच. मग १९५८ मध्ये लिव्हिंगस्टन नावाच्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने आणखी एक पाऊल टाकले. पश्चिम आफ्रिकेत माणसांनी शेतीसाठी जंगल तोडले, उन्हात डबकी साचली, डास वाढले, वस्त्या दाट झाल्या, मलेरिया पसरला, आणि त्याबरोबर हा दोष धारण करणाऱ्यांचे प्रमाण वाढले, असे त्यांनी मांडले. कुऱ्हाड आणि नांगर यांनी माणसाच्या रक्तावर परिणाम केला! हे ना नुसत्या डॉक्टरला सुचले असते, ना नुसत्या शेतीच्या इतिहासकाराला.

आता आपल्याकडे या. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल आजारी असण्याची, दोन शक्यता वाहक असण्याची आणि एक शक्यता पूर्ण मुक्त असण्याची. एकजण वाहक आणि दुसरा मुक्त असेल तर मुलाला हा आजार होत नाही. एवढे गणित आठवीतल्या मुलालाही समजेल. मग ते आपल्या घरात का उतरत नाही?

कारण इथे जीवशास्त्र संपते आणि समाजशास्त्र सुरू होते. दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता कुठे जास्त? जिथे लग्ने पिढ्यान् पिढ्या एकाच छोट्या गटात होतात तिथे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, जात टाकली. पण वधू-वर परिचय मेळाव्यात आजही हळूच विचारले जाते : बावणे का? लाडवण का? कोसरे का? बुद्धवंदना घेऊन झाल्यावर पोटजात विचारणारी माणसे आपल्यात आहेत, हे स्मरणिकेत छापायला संकोच वाटतो, पण ते खरे आहे. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की पोटजाती मोडल्या म्हणून वाहक नाहीसे होत नाहीत. रक्ततपासणीला पर्याय नाही. पोटजात मोडायची ती धम्मासाठी, रक्त तपासायचे ते बाळासाठी. दोन्हींची गल्लत नको.

आणि तपासणी झाली तरी पुढे काय होते? रिपोर्ट मागितला जातो तो मुलीचा. मुलगी वाहक निघाली की तिच्यात 'खोट' आहे अशी कुजबूज होते. मुलाचा रिपोर्ट कपाटातच राहतो. म्हणून मुलीकडचेही रिपोर्ट लपवतात. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, ही एक ओळ घरोघरी पोहोचली नाही, तर तपासणीचे यंत्र कितीही चांगले असले तरी ते मुलीची लग्ने मोडण्याचे साधन बनते. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला हे दिसत नाही. समाजकार्यकर्त्याला दिसते, पण त्याला चारांत एकचे गणित समजावून सांगता येत नाही. दोन्ही येणारा माणूस हवा आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे तिचे उद्दिष्ट सांगितले गेले. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे आणि ते योग्यच आहे. पण मग उत्तर नागपूरच्या वस्तीतला आपला माणूस कोणत्या यादीत बसतो? किती जणांची तपासणी झाली, किती रुग्णांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित मिळतात, गोळ्या मधेच का सुटतात? हे प्रश्न लोकसंख्याशास्त्राचे, अर्थशास्त्राचे आणि राज्यकारभाराचे. एका आजाराचा हात धरून निघालो तर पाच-सहा विषयांच्या दारांतून जावे लागते. मानव विज्ञानाच्या पदवीत विद्यार्थ्याला याच वाटेने चालवतात.

आपल्या समाजाला ही वाट अपरिचित असण्याचे कारण नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मोठे अर्थशास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांचा उल्लेख करतो, पण तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची मोजदाद पाहण्यासारखी आहे : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक. तीन वर्षांत साठ. पदवी अर्थशास्त्राची, पण त्यांनी दरवाजे सगळे ठोठावले.

त्याचे फळ ९ मे १९१६ रोजी दिसले. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. बाबासाहेब तेव्हा पंचवीस वर्षांचे. जातीचे सार म्हणजे जातीअंतर्गत विवाह, असे त्यांनी मांडले आणि मग जवळजवळ लोकसंख्याशास्त्रज्ञासारखा हिशेब केला. गट बंदिस्त ठेवायचा तर लग्नाच्या वयाच्या स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या जुळली पाहिजे. नवरा आधी मेला तर स्त्री 'जादा' ठरते, बायको आधी मेली तर पुरुष 'जादा' ठरतो. या जादा माणसांचे काय करायचे, या प्रश्नातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा अर्थ त्यांनी लावला. धर्मग्रंथांच्या वादात न शिरता संख्येच्या वाटेने जातीच्या गाभ्यापर्यंत जाणे हे त्या काळात नवेच होते. बहुविषयी शिक्षण कशासाठी, असे कोणी विचारले तर आम्ही हा एक निबंध त्याच्या हातात देऊ.

दुसरे उदाहरण नाकाचे. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांची नाके मोजून असा सिद्धान्त मांडला होता की नाक जितके रुंद तितकी जात खालची. १९०१ च्या खानेसुमारीचे काम त्याच्याच देखरेखीखाली सुरू झाले, यावरून या विचाराचे वजन लक्षात येईल. पुढे १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी डॉ. घुर्ये यांनी दिलेली नाकांची मापे घेतली आणि त्याच आकड्यांवरून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना वेगवेगळ्या वंशांचे मानता येत नाही; एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड तर दुसराही द्रविड. मापपट्टीला घाबरून त्यांनी ती फेकून दिली नाही. ती हातात घेऊन वापरली.

आज नाके कोणी मोजत नाही, जनुके वाचतात. लेवोन्तिन यांनी १९७२ मध्ये हिशेब मांडला की माणसामाणसांतील आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतच असतात. तथाकथित वंशावंशांत उरतो तो थोडासा. २०१३ मध्ये हैदराबादच्या संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून दाखवले की भारतातील निरनिराळे लोकसमूह साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते आणि नंतर ही सरमिसळ थांबून गटांतर्गत विवाह रूढ झाले. म्हणजे बंदिस्त लग्ने अनादी नाहीत; त्याआधी लोक मिसळत होते. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा आरंभ इसवी सन ४०० च्या सुमारास मानला होता. ही दोन्ही अनुमाने एकच आहेत, असे म्हणण्याची घाई आपल्यातले काही वक्ते करतात. तसे करू नये. एक प्रश्न विवाहबंधनाचा आहे, दुसरा अस्पृश्यतेचा. पुरावेही वेगळ्या जातीचे आहेत. हा फरक ओळखणे, हेही या शिक्षणातच येते.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात तथागतांनी दोन तरुण ब्राह्मणांचा वाद सोडवताना गवत, झाडे, किडे, मासे, पक्षी यांच्या जाती त्यांच्या शरीराच्या खुणांवरून वेगळ्या ओळखता येतात, पण माणसांत जन्माने तशी खूण नाही, असे समजावले आहे. म्हणजे युक्तिवादाची सुरुवात निसर्गाच्या निरीक्षणापासून आणि शेवट समाजाच्या प्रश्नावर. पाली शिकणाऱ्या मुलांनी हे सुत्त जीवशास्त्राच्या मित्राबरोबर बसून वाचावे, मजा येईल.

या पदवीचे कवतिक करताना उणी बाजू झाकणे बरोबर नाही. अनेक विषयांत एकदम शिरणाऱ्या विद्यार्थ्याला मधल्या वर्षात आपण कशातच पक्के नाही असे वाटू लागते. एम.एस्सी.ला जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जायचे तर निव्वळ जीवशास्त्रवाला पुढे असतो. आळशी मुलासाठी तर ही पदवी मुळीच नाही, कारण संख्याशास्त्र टाळता येत नाही आणि निबंधही टाळता येत नाहीत. परदेशी विद्यार्थ्याची फी साध्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेर आहे. आमच्या टेबलावरचा अनुभव सांगतो की साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, पण तिथला खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि गावचे पडके घर तारण म्हणून चालत नाही.

शिष्यवृत्त्यांचेही नीट समजून घ्यावे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, दरवर्षी ७५ जणांना. पण ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही एम.ए. पातळीपासून पुढे. शिवाय २०२२ मध्ये केंद्राच्या त्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. १९१६ सालचा तो जातींवरचा निबंध अशा नियमात बसला असता का, हे वाचकांनीच पाहावे. तेव्हा आपल्या मुलांना पदवी इथेच करावी लागणार, आणि परदेशाचा विचार त्यानंतर.

इथे काय करता येईल? ऑक्सफर्डसारखी पदवी जशीच्या तशी आपल्या कॉलेजांत मिळत नाही, पण ती जोडता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीला मुख्य विषय, दुय्यम विषय आणि दुसऱ्या शाखेतून निवडायचा खुला विषय अशी रचना आली आहे. समाजशास्त्र मुख्य घेतलेल्या मुलीला जीवशास्त्रातला किंवा संख्याशास्त्रातला खुला विषय घेता येतो. मात्र ज्या कॉलेजात एकच शाखा आहे तिथे ही सोय कागदावरच राहते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले ते कला आणि विज्ञान दोन्हींचे, हे इथे आठवते. पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे केंद्र नागपुरातच आहे, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला इग्नूतून मानवशास्त्राची पदवी घेता येते.

'नोकरी कुठे?' या शेऱ्यालाही उत्तर आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. त्याच्या पहिल्या पेपरात उत्क्रांती आणि आनुवंशिकता यांच्याबरोबर विवाह, कुटुंब, धर्म हे सगळे एकत्र येते, दुसऱ्यात भारतीय समाज आणि आदिवासींचे प्रश्न. त्याशिवाय आरोग्य विभागाच्या मोहिमा, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता इथे असा माणूस लागतो. पगार सुरुवातीला इंजिनिअरएवढा नसतो, हे पालकांनी धरून चालावे.

प्रवेशअर्ज भरण्याच्या दिवसांत मंडळाच्या कार्यालयात आम्ही काही जण संध्याकाळी बसतो. ज्यांना मुलासाठी ही वाट पाहायची असेल त्यांनी अर्ज ऑनलाइन पाठवण्याआधी दोन गोष्टी विचारून याव्यात : कॉलेजात कला व विज्ञान दोन्ही शाखा आहेत का, आणि खुल्या विषयांच्या यादीतले विषय तिथे प्रत्यक्ष शिकवले जातात की फक्त छापले आहेत. यादीची झेरॉक्स सोबत आणावी. मुलाला किंवा मुलीलाही आणावे. नुसत्या बापाशी बोलून विषय ठरत नाहीत.